तीन लाखांचे सोळा लाख

गोरक्ष शिरसाठने शेअर बाजारात पहिल्यांदा पैसे घातले ते रियाज पठाणमुळे. दोघे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. गोरक्ष टर्बाइनच्या मजल्यावर ऑपरेटर, रियाज इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये. रियाज व्याज घेत नसे, त्यामुळे बँकेतली ठेव किंवा पोस्टाची योजना त्याला चालत नव्हती. पगारातून उरेल ते तो कंपन्यांच्या शेअरमध्ये टाकायचा. बँका, दारू आणि सिगारेट सोडून. "कंपनीला फायदा झाला तर मला फायदा, ती बुडाली तर मी पण बुडालो. हिसाब साफ," असं तो म्हणायचा.

गोरक्षच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मुलगी वेदिका बालवाडीत होती. त्याच्या नोकरीत पेन्शन अगदीच तुटपुंजी मिळणार होती, म्हणून म्हातारपणाची चिंता त्याला तिशीतच लागली. रियाज त्याला नाशिक रोडला एका एजंटाकडे घेऊन गेला. गोरक्षने म्युच्युअल फंडाचा अर्ज भरला, वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक सही करून दिले. महिना हजार रुपये.

बाहेर आल्यावर रियाजने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. दर महिन्याला टाकत राहायचे आणि रोज किंमत बघायची नाही. तिसरी गोष्ट गोरक्षने स्वतःच ठरवली. काढायचे नाहीत.

तो या कामाला जन्मतःच योग्य होता असं म्हणावं लागेल. टर्बाइनच्या मजल्यावर आठ-आठ तास काट्यांकडे बघत बसणं आणि काही बिघडत नाहीये ना एवढंच पाहणं, यात त्याची बरीच वर्षं गेली. बाजारातही तो तसाच बसला. पगार वाढला की हप्ता वाढवला. २००८ साली बाजार कोसळला, प्लांटमधल्या तिघाचौघांनी घाबरून सगळं विकलं. गोरक्षने हप्ता चालू ठेवला. पुढे तीच मंडळी त्याला कँटीनमध्ये सल्ला विचारू लागली. सल्ला ऐकून सगळे मान डोलवायचे आणि सहा महिन्यांत कंटाळायचे.

रियाज मात्र मधूनमधून विकायचा. आईला हजला नेलं तेव्हा विकले. मुलगी इन्शा फार्मसीला गेली तेव्हा विकले. एकदा तर बायकोला, आबिदाला, समुद्र बघायचा होता म्हणून थोडे विकून तो सगळ्यांना गणपतीपुळ्याच्या बाजूला आठवडाभर घेऊन गेला. गोरक्षला ते पटलं नाही. त्याने तसं बोलूनही दाखवलं.

"ते शेअर ठेवले असतेस तर आज किती झाले असते माहितीये?"

"माहितीये," रियाज म्हणाला. "पण आबिदा समुद्र बघून आलीये ना."

गोरक्ष कंजूष नव्हता. वेदिकाच्या इंजिनिअरिंगची फी, आईचं ऑपरेशन, भावाच्या अडचणी, यात त्याने कधी हात आखडता घेतला नाही. पण ज्याच्यावाचून चालण्यासारखं आहे असं काही समोर आलं की त्याच्या डोक्यात एक गणित सुरू व्हायचं. हा सोफा आज चाळीस हजारांचा, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचे दोन लाख. केरळची सहल आज साठ हजार, म्हणजे तेव्हाचे सव्वातीन लाख. अशा हिशेबाने पाहिलं की जगातली कुठलीच वस्तू परवडत नाही. गोरक्षलाही ती परवडत नव्हती, आणि याचं त्याला दुःखही होत नव्हतं.

त्याची बायको योगिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्नाआधी तिची पहिली नेमणूक त्र्यंबकच्या पलीकडे, हरसूलजवळच्या एका पाड्यावर झाली होती. तिथे तिने सहा वर्षं काढली, लग्नानंतरही सोमवारी जायची आणि शनिवारी यायची. वेदिकाच्या वेळी बदली मिळाली आणि ती नाशिक रोडजवळच्या शाळेत आली. पुढची सगळी नोकरी तिने इथेच केली. निवृत्तीनंतर हरसूलला जाऊन राहायचं, असं ती कधीकधी म्हणायची. गोरक्ष म्हणायचा, "बघू. अजून थोडं साठू दे."

त्याला ऐकू कमी येऊ लागलं ते पंचेचाळिशीत. टर्बाइनच्या मजल्यावर आवाज एवढा असतो की शेजारच्याशीही खुणांनी बोलावं लागतं. कानात घालायचे बोळे सगळ्यांना मिळत. पण ते घातले की फोनची रिंग ऐकू येत नाही म्हणून गोरक्ष ते खिशातच ठेवायचा. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही कानांची बारीक आवाज ऐकण्याची शक्ती गेलीये, यंत्र लावा, चांगल्या जोडीला तीन लाखांपर्यंत जातील.

घरी येताना रिक्षात त्याने गणित केलं. तीन लाख म्हणजे पंधरा वर्षांनंतरचे सोळा लाख. सोळा लाख कानात घालून फिरायचं?

"अजून चालतंय की," तो योगिनीला म्हणाला. काही हजारांचं एक साधं यंत्र त्याने आणलं. ते प्लांटमध्ये शिट्टी मारायचं. आठवड्यात ते कपाटात गेलं.

चालत होतं हेही खरंच. टीव्ही मोठा केला की ऐकू यायचं. बाजारात माणसाच्या तोंडाकडे बघून अंदाज यायचा. घरात योगिनी एक वाक्य दोनदा बोलायची. काही वर्षांनी ती कामाचंच दोनदा बोलू लागली आणि बिनकामाचं एकदाही बोलेनाशी झाली. हे कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. घर शांत आहे, भांडण नाही, असं गोरक्षला वाटत होतं.

२०२० च्या मार्चमध्ये बाजार पुन्हा कोसळला. लॉकडाऊन होता, पण वीज केंद्र बंद ठेवता येत नाही, त्यामुळे गोरक्ष पास दाखवून ड्यूटीला जात होता. एका दुपारी जेवताना त्याने योगिनीला सांगितलं की एकूण रकमेतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग महिन्याभरात गेलाय.

योगिनीने पोळी वाढली. मग त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "एवढे गेले, तरी आपल्या घरात आज काहीच वेगळं नाही. कालचीच भाजी आहे. दुप्पट झाले असते तरी हीच असती."

गोरक्षला हे वाक्य फार आवडलं. माणसाने असंच असावं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते रियाजला अभिमानाने सांगितलं.

रियाज म्हणाला, "भाभी तारीफ करत होत्या असं मला नाही वाटत."

"मग?"

"काही नाही. छोड."

वर्षभरात बाजार वर आला आणि पूर्वीच्याही पुढे गेला. रक्कम कोटीच्या वर गेली. गोरक्षने मनात धरलेला आकडा हाच होता. तो गाठल्यावर त्याने दीड कोटी धरला.

२०२२ साली योगिनीने स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिची पेन्शन तिला पुरणारी होती. त्याच महिन्यात तिने हरसूलला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पाड्यावर असताना शाळेशेजारच्या घरात राहणारी लंकाबाई आता हरसूलला सुनेकडे आली होती. तिच्याच पुतण्याचं, संतोषचं, ते घर होतं.

"तिथे जाऊन करणार काय?" गोरक्षने विचारलं.

"राहणार."

"म्हणजे शिकवणार का?"

"नाही. शिकवून झालं. राहणार."

त्याने कानामागे हात धरला. तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. मोठ्याने सांगितल्यामुळे ते भांडणासारखं वाटलं, पण भांडण नव्हतं. ती चार दिवस हरसूलला, तीन दिवस नाशिक रोडला, असं ठरलं. पुढे हरसूलचे दिवस पाच झाले, कधी सहा.

गोरक्ष सुट्टी जुळेल तसा मोटरसायकलवर जायचा. तिथे त्याला करमायचं नाही. योगिनी सकाळी लंकाबाईबरोबर चालायला जायची, आठवडे बाजारात दोन-दोन तास घालवायची, चार आण्याचं काम नसताना लोकांच्या ओट्यावर बसायची. तो खाटेवर बसून मोबाइलला रेंज शोधायचा आणि चार वाजले की परत निघायचा.

२०२४ च्या फेब्रुवारीत रियाज त्याच्याबरोबर आला. रियाज आदल्या वर्षी निवृत्त झाला होता आणि नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका दुकानात मोटर रिवाइंडिंगचं काम अर्धवेळ करत होता. त्याला ते काम आवडायचं आणि पैशाचीही थोडी गरज होती. जेवायला चौघे होते. गोरक्ष, रियाज, योगिनी आणि लंकाबाई. नागलीची भाकरी, उडदाची आमटी. जेवताना योगिनी काहीतरी सांगत होती, लंकाबाई मध्येच तिला तोडून पुढचं सांगत होती, दोघी हसत होत्या. रियाजला तर ठसका लागला. गोरक्षने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," योगिनी म्हणाली आणि त्याला आमटी वाढली.

परतताना त्र्यंबकच्या अलीकडे एका टपरीवर दोघे चहाला थांबले. रियाज अजून हसत होता.

"भाभींनी तो रेल्वेचा किस्सा काय सांगितला यार! आणि ती लंकाबाई, मिलिटरीच्या ट्रकमध्ये!"

"कुठला किस्सा?"

रियाजने त्याच्याकडे पाहिलं. "तू तिथेच बसला होतास."

"मला नाही आलं ऐकू."

"लग्नाआधीचा आहे. तुला माहीत असणारच."

गोरक्षने नाही म्हणून मान हलवली. मग रियाजने तो त्याच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून सांगितला. टपरीवरची बाकीची माणसंही ऐकत होती.

योगिनी तेव्हा बाविशीची होती. पुस्तकात रेल्वेवर धडा होता आणि वर्गातल्या एकाही मुलाने रेल्वे पाहिली नव्हती. तिने वरिष्ठांना न विचारता सगळ्या मुलांना एसटीत घातलं आणि नाशिक रोडला नेलं. सोबतीला लंकाबाई. तिनेही रेल्वे पाहिली नव्हती. फलाटावर एक पॅसेंजर उभी होती. एक मुलगी चढून खिडकीशी जाऊन बसली आणि काही केल्या उतरेना. तिला उतरवायला लंकाबाई चढली आणि गाडी सुटली. योगिनी बाकीच्या मुलांना घेऊन फलाटावर रडत बसली. मुलंही रडायला लागली, कारण बाई रडताहेत. त्या दोघी पुढच्या स्टेशनवर, देवळालीला उतरल्या. लंकाबाईने रस्त्यावर मिलिटरीचा ट्रक थांबवला, त्यातल्या जवानाला मराठी येत नव्हती, हिला हिंदी येत नव्हती. तिने हाताने चाकं फिरवून दाखवली आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. जवानाने दोघींना स्टेशनच्या दारात आणून सोडलं. लंकाबाई पुढच्या सीटवर बसून आली, उतरताना तिने सलाम ठोकला आणि योगिनीला म्हणाली, "बाई, रडू नको. आमी लय लांब जाऊन आलू."

टपरीवाला हसला. रियाज हसला. गोरक्षही हसला. मग त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. सगळं आयुष्य तो त्या स्टेशनपासून दोन किलोमीटरवर राहिला होता. बायकोचं असलं काही त्या फलाटावर घडलंय हे त्याला माहीत नव्हतं आणि आता टपरीवरच्या अनोळखी माणसांना माहीत झालं होतं.

पुढच्या रविवारी योगिनी घरी आली तेव्हा त्याने विचारलं, "रेल्वेचं ते मला कधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोनदा."

ती रागाने बोलली नाही. भाजी निवडत होती, ती निवडत राहिली.

गोरक्षने त्या आठवड्यात पहिल्यांदा फंडाचे युनिट विकायला काढले. रियाजला त्याने घरी बोलावून घेतलं. मोबाइलवर रक्कम टाकली, मग खोडली, पुन्हा टाकली.

"आता बाजार चढतोय," तो म्हणाला. "महिनाभर थांबलो तर..."

"चढतोय तेव्हा महिनाभर थांबशील," रियाज मोठ्याने म्हणाला, "आणि पडला की म्हणशील आता पडलाय. तू थांबण्यात हुशार आहेस, मला माहितीये. दाब ते."

त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. दोन-तीन दिवसांनी पैसे खात्यात आले. त्यानंतरच्या आठवड्यात बाजार आणखी वर गेला आणि न विकता ठेवले असते तर किती झाले असते हे गोरक्षने काढून पाहिलं. ती सवय जायला वेळ लागणार होता.

कॉलेज रोडवरच्या क्लिनिकमधली मुलगी वेदिकाच्या वयाची होती. यंत्रं कानात बसवून तिने लॅपटॉपवर काही केलं आणि विचारलं, "काका, काय ऐकू येतंय?"

त्याला पंख्याचा आवाज येत होता. स्वतःच्या शर्टाची बाही टेबलाला घासल्याचा आवाज येत होता. बाहेर कोणीतरी चपला ओढत चाललं होतं. तो म्हणाला, "सगळंच. जरा जास्तच."

"सवय होईल. दहा वर्षं लवकर आला असतात तर आणखी चांगलं झालं असतं. काही शब्द ओळखायला आता मेंदूला वेळ लागेल. आणि गर्दीत त्रास होणारच."

हे तिने जाता जाता सांगितलं. गोरक्षने ते नीट ऐकलं.

पहिले काही आठवडे त्याला डोकेदुखी झाली. भांड्यांचा आवाज सहन व्हायचा नाही. हरसूलला गेल्यावर त्याने योगिनीला रेल्वेचा किस्सा सांगायला सांगितलं. ती म्हणाली, "तो आता सांगून झाला. पुन्हा सांगण्यात मजा नाही." त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने योगिनी ओट्यावर येऊन त्याच्याशेजारी बसली आणि दुसरंच काहीतरी सांगू लागली. त्या दिवशी बाजारात लंकाबाईचं सुकट विकणारीशी वाजलं होतं. त्यात कुणाची चूक, कोण काय म्हणालं, मध्ये कोण पडलं. गोष्टीला शेंडा-बुडखा नव्हता. मध्येच तिने हळू आवाजात सुकटवालीची नक्कल केली आणि मग थांबून त्याच्याकडे पाहिलं.

"आलं ऐकू?"

"आलं," तो म्हणाला. "पुढे?"

त्या पावसाळ्यात त्याने नोकरी सोडायचा अर्ज दिला. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. साहेबांनी समजावलं की शेवटची दोन वर्षं पगार सगळ्यात जास्त असतो. वेदिकाने पुण्याहून फोन केला.

"बाबा, तुम्ही घरी बसून करणार काय?"

"तेच बघायचंय."

"आई काय म्हणते?"

"ती म्हणते, आधी झोप."

तीस वर्षं पाळ्या करून त्याची झोप मोडली होती. पहिले तीन-चार महिने तो खरोखर झोपलाच. रात्री झोपायचा, दुपारी झोपायचा. मग एक काळ असा आला की झोप पूर्ण झाली आणि दिवस संपेना. तेव्हा त्याची चिडचिड वाढली. आपण चूक केली असं तो एकदा रियाजला म्हणालाही. रियाज म्हणाला, "असेल." त्याने समजूत घातली नाही. हळूहळू गोरक्ष योगिनीबरोबर सकाळचं चालायला जाऊ लागला, मग बाजारात, मग तिच्याशिवायही बाजारात. हरसूलच्या दोनचार माणसांशी त्याची ओळख झाली. लंकाबाई त्याच्याशी अजून ओरडूनच बोलते. यंत्रावर तिचा विश्वास नाही.

हप्ता आता बंद झालाय, पण मूळ रकमेला त्याने हात लावलेला नाही. वर्षातून एकदा एप्रिलमध्ये ठरावीक हिस्सा काढायचा, असं दोघांनी ठरवलं. योगिनीने त्याला एक अट जोडली. त्यातलं घरखर्चाला लागेल ते वेगळं, उरलेलं त्याच वर्षात संपवायचं, परत गुंतवायचं नाही.

सोपी अट वाटली होती. पहिल्या वर्षी रियाज-आबिदाबरोबर चौघे हंपीला जाऊन आले. योगिनीच्या गुडघ्यांसाठी रोज नाशिकला जाऊन व्यायामाचे उपचार घेतले. चांगल्या गाद्या आल्या. एवढं करून मार्च उजाडला तेव्हा पन्नासेक हजार उरलेले होते आणि काय घ्यावं ते दोघांनाही सुचेना. आयुष्यभर न घेतलेल्या वस्तूंची आठवण करायला बसले, तर त्यातल्या बहुतेक आता नको होत्या. केरळही नको होतं.

"ठेवून देऊ," गोरक्ष म्हणाला.

"नाही."

शेवटी योगिनी म्हणाली, हरसूलच्या मागच्या खोलीत दुपारनंतर अंधार असतो, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी पाहिजे.

"भाड्याच्या घराला?"

"भाड्याच्या घराला."

संतोषला विचारलं. त्याला आधी वाटलं हे लोक भाडं कमी करायला सांगताहेत. मग म्हणाला, "करा की, माझं काय जातंय?" गोरक्षने त्र्यंबकहून गवंडी आणला. भिंत फोडताना धूळ एवढी उडाली की दोन दिवस स्वयंपाक लंकाबाईकडे झाला. खिडकी मोठी केली, सागाची चौकट, खाली बसता येईल असा रुंद कट्टा. संतोष रोज येऊन बघून जायचा आणि हे आपल्याला फुकट मिळतंय याचा आनंद लपवायचा प्रयत्न करायचा.

काम संपल्यावर गवंड्याने हात धुतले आणि गोरक्षला विचारलं, "घर तुमचं नाय म्हणता, मग उद्या सोडून गेले तर?"

"तर राहील ती इथेच," गोरक्ष म्हणाला.

गवंडी गेला. योगिनी कट्ट्यावरचं सिमेंट ओलं आहे का ते बोटाने पाहत होती. समोर शेतं होती, त्यापलीकडे डोंगर, आणि मधल्या रस्त्याने बाजाराहून परतणारी माणसं. सिमेंटला अजून दोन दिवस पाणी मारावं लागणार होतं. गोरक्ष बादली आणायला गेला.